प्रतिसाद: तयार टेम्प्लेट वापरलं तर शून्य गुण?

वाशीच्या एका कॉलेजात वेबसाइट बनवण्याच्या विषयात 'टेम्प्लेट (वेबसाइटचा तयार साचा) दिसलं की शून्य' असा नियम आहे, आणि वरच्या चर्चेत तो बऱ्याच जणांना जाचक वाटतोय. मी ठाण्यात हाच विषय शिकवते आणि मला नियम योग्य वाटतो, फक्त तो राबवायची पद्धत बदलायला हवी. नुसतं पान बघून चोरी ठरवू नका. पहिल्या आठवड्यापासून मुलांना गिट (कोडमधले बदल तारखेसह नोंदवणारं साधन) वापरायला लावा. रोज थोडं थोडं काम झालं असेल तर इतिहासात दिसतं, आणि आदल्या रात्री एकदम सगळं चढवलेलंही दिसतं. मग तोंडी परीक्षेत एकच सांगायचं: तुझ्या पानावरचा हा आडवा मेनू मोबाइलवर उभ्या यादीसारखा दिसेल असा करून दाखव. स्वतः सीएसएस (पानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा) लिहिणारा दोन मिनिटांत करतो.

तिथल्या ७५ टक्के हजेरीच्या अटीबद्दल वाद नको, तो विद्यापीठाचाच नियम आहे.

पण कशाला किती गुण या त्यांच्या यादीत सुगम्यता (अपंगांनाही साइट वापरता येणं) कुठेच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. चित्रांना ऑल्ट मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर), कीबोर्डवर चालणारा फॉर्म, अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक), एवढं तरी सक्तीचं हवं. आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, त्यांच्यासाठी तासानंतर लॅब उघडी ठेवा. त्याशिवाय काम उशिरा दिलं म्हणून गुण कापणं अन्यायाचं आहे.