प्रति: त्रिमिती आलेख दाखवून मुलं गणित शिकतात की नुसतं बघतात?

वर चर्चेत म्हटलंय की स्क्रीनवर फिरवता येणारी आलेखांची चित्रं म्हणजे निव्वळ करमणूक. अर्धं मान्य. मी जळगावला बी.एस्सी.च्या मुलांना शिकवतो. एक्स वर्ग वजा वाय वर्गचा पृष्ठभाग फळ्यावर काढला की तो दरवेळी वाळत घातलेल्या गोधडीसारखा दिसतो (हात माझाच वाईट). जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या अ‍ॅपमध्ये तोच बोटाने फिरवला आणि म्हटलं, ही सातपुड्यातली खिंड समजा: रस्त्याने चाललात तर माथा, आडवे वळलात तर दोन्हीकडे चढ. सॅडल पॉइंट, म्हणजे एका दिशेने माथा आणि दुसऱ्या दिशेने तळ असलेला बिंदू, तिथल्या तिथे समजला.

पण खरी गंमत एक्सवाय भागिले (एक्स वर्ग अधिक वाय वर्ग) या फलनाची. एक्स आणि वाय दोन्ही शून्य असलेल्या बिंदूजवळ सॉफ्टवेअर जाळीच्या मोजक्या बिंदूंवरून पृष्ठभाग जोडतं, म्हणून तिथे चुरगळलेला कागद दिसतो. मुलं विचारतात, "सर, मोबाईल हँग झाला का?" नाही रे बाबा, तिथे लिमिटच नाही, म्हणजे त्या बिंदूकडे जाताना उंची एका ठरावीक किमतीकडे जातच नाही! मग एमचा, म्हणजे रेषेच्या उताराचा, स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) घेऊन वाय = एमएक्स या रेषेवरून त्या बिंदूकडे यायला सांगतो. एम ० असेल तर उंची ०, १ असेल तर १/२, उणे १ असेल तर उणे १/२. वाट बदलली की उंची बदलते. त्यानंतर वहीत एम भागिले (१ अधिक एम वर्ग) हे उंचीचं सूत्र स्वतः काढायला लावतो, स्क्रीन बंद करून.

कॅल्कप्लॉट थ्रीडी हे असंच दुसरं आलेखांचं साधनही पाहा. समोच्च रेषांसाठी (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या) मला तेच सोयीचं वाटतं, फक्त लहान मोबाईलवर बटणं बारीक पडतात.