मदत हवी आहे: इनडायरेक्टमध्ये ‘टुमॉरो’चं काय करायचं? (अर्जंट)

गोंधळलेला_गण्या: इंग्रजी व्याकरणवाले कोणी आहात का? ‘आय विल सेंड द मटेरियल टुमॉरो’ हे इनडायरेक्ट स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत, कसं लिहायचं? टुमॉरो ठेवायचा की बदलायचा, एवढंच सांगा. नेटवर नुसते तक्ते आहेत, ते नकोत. चारच्या आत हवंय.

निवृत्त_मास्तर: सोपं आहे. ‘ही सेड दॅट ही वुड सेंड द मटेरियल द नेक्स्ट डे.’ विलचं वुड, आयचं ही, टुमॉरोचं द नेक्स्ट डे. अवतरणचिन्हं काढा. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, अगोचं बिफोर, हेही पाठ करून टाका. त्रिकालाबाधित सत्य असेल तर मात्र काळ बदलत नाही: ‘द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन.’

सेमीवाली_आई: मूल कितवीला आहे? आमच्याकडे दहावीला आहे, त्यालाही हेच छळतंय.

एक्सेल_सम्राट: एआयला विचारा की. यासाठी धागा?

गोंधळलेला_गण्या: मूल वगैरे नाही हो, ऑफिसचा मेल आहे. मास्तर, धन्यवाद, पण शेजारच्या टेबलावरचा म्हणतो टुमॉरोच ठेव. कोणाचं खरं?

कोकणी_काजू: बोललं कोण, कधी, आणि मेल कोणाला? त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

गोंधळलेला_गण्या: सप्लायर बोलला, आज सकाळी, फोनवर. मेल साहेबांना. त्याने काय फरक पडतो?

कोकणी_काजू: सगळा फरक त्यानेच पडतो. तो आज बोलला, तुम्ही आजच लिहिताय, म्हणजे त्याचा उद्या तोच तुमचाही उद्या. टुमॉरो राहू द्या. हेच पुढच्या आठवड्यात लिहीत असता तर द नेक्स्ट डे. आणि माल अजून यायचाच आहे, त्यामुळे विल ठेवलंत तरी चालतं.

निवृत्त_मास्तर: साफ चूक. सेड भूतकाळी असताना विल? पेपरात मी लाल रेघ मारली असती.

कोकणी_काजू: मास्तर, साहेब पेपर तपासत नाहीत. पेपरात नुसतं वाक्य असतं, बोलल्याची वेळ नसते, म्हणून तिथे सगळं सरसकट मागे ढकलतात. परीक्षेला तुमचंच बरोबर.

रात्रपाळी: मला पॅसिव्ह व्हॉइस कधीच जमला नाही. कर्म आधी आणायचं आणि मग बाय, एवढंच ना?

कोकणी_काजू: गण्या, मेलमधलं पूर्ण वाक्य टाका बघू.

गोंधळलेला_गण्या: ‘ही सेड मी दॅट आय विल सेंड द मटेरियल टुमॉरो अँड आस्क्ड दॅट व्हेन विल वी गेट द पेमेंट.’ घ्या.

कोकणी_काजू: थांबा, पाठवू नका! माल तुम्हीच पाठवणार असं वाचलं जाईल. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या माल पाठवतो’ म्हटलं की ‘मी’ म्हणजे सप्लायर, हे कोणालाही कळतं. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ‘की’च्या पुढे ठेवतो. इंग्रजीत दॅटच्या पुढचा आय म्हणजे मेल लिहिणारा. ‘वी’चंही तेच, पैसे तुमचीच कंपनी मागतेय असं दिसेल. शिवाय ‘सेड मी’ नाही, ‘टोल्ड मी’. आणि आस्क्डनंतर दॅट नको, व्हेन पुरे, पण कर्ता आधी: ‘व्हेन दे वुड गेट द पेमेंट.’

सेमीवाली_आई: आणि हो-नाहीचा प्रश्न असेल तर इफ किंवा वेदर. परवाच घेतलं पोराचं.

निवृत्त_मास्तर: आधी ‘ही’, मग एकदम ‘दे’? हे दे कोण?

कोकणी_काजू: त्याची कंपनी.

गोंधळलेला_गण्या: एक राहिलं. साहेब टूरवर आहेत, मेल उद्या सकाळी उघडतील. चालेल ना?

कोकणी_काजू: हे आत्ता सांगताय? ते उद्या वाचणार म्हणजे टुमॉरोचा परवा होणार. सरळ तारीख घाला.

निवृत्त_मास्तर: तारीख घालणं ही पळवाट झाली.

गोंधळलेला_गण्या: पावणेचार झालेत मास्तर, पळवाटच बरी. ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड सेंड द मटेरियल ऑन १५ जुलै अँड आस्क्ड व्हेन दे वुड गेट द पेमेंट.’ पाठवला. सगळ्यांचे आभार.

रात्रपाळी: पॅसिव्हचं कोणी सांगतंय का?

एक्सेल_सम्राट: मी विचारलं एआयला. ‘द नेक्स्ट डे’ म्हणतंय.

निवृत्त_मास्तर: बघा!