पंप रूममागची बाळंतीण

सेक्रेटरी (ए-१०२): सदस्यांना विनंती. बी विंगच्या पंप रूममागे काल रात्री एक कुत्री व्यायली आहे. वॉचमनच्या म्हणण्यानुसार सहा पिल्लं आहेत. उद्या सकाळी हाउसकीपिंगकडून सगळ्यांना मागच्या गेटबाहेर हलवण्याचा विचार आहे. कोणाची हरकत?

बी-५०३: हलवाच. मुलं तिथे बॉल आणायला जातात. चावली तर जबाबदार कोण?

सी-११०४: माझी हरकत आहे, कारणही सांगते. पहिले दोन आठवडे पिल्लांचे डोळे-कान बंद असतात आणि अंग गरम ठेवणं त्यांना स्वतःहून जमत नाही. पहिल्या आठवड्यात तर कुडकुडताही येत नाही. आईचं पोट आणि भावंडांचा ढीग, एवढीच ऊब. जागा हलवली की आई बिथरते, एकेकाला तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि त्यात एखादं वाटेत राहतं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते म्हणतात, त्यात फारसं तथ्य नाही. वर्दळ वाढली की ती बिऱ्हाड उचलते, हे मात्र खरं.

ए-७०२ डॉक्टर: सहमत. कुत्र्या भाद्रपदात माजावर आल्या, गाभणपणाचे ६३ दिवस धरा, हिशेब बरोबर लागतो. आता महिनाभर खारघरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये हेच दिसेल. जागा कोरडी असेल तर हात लावू नका. पंपाचं पाणी तिथे येतं का?

वॉचमन केबिन: सर पंप सुरू झाला की थोडं गळतं. डाव्या बाजूला ओल आहे.

सी-११०४: मग तीन-चार फूट उजवीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात. आई बघत असताना, सगळी पिल्लं एकदम, त्यांच्याखालच्या मूळ फडक्यासकट. खाली चार विटा, त्यावर प्लायचा तुकडा, त्यावर जुनी सुती चादर घट्ट खोचून. तीन बाजू बंद, पुढची बाजू साधारण सहा इंच उंच. आई सहज आत-बाहेर करते, पिल्लू घरंगळत बाहेर जात नाही.

बी-९०३: गोणपाट चालेल का? आमच्याकडे दोन आहेत. रद्दीही बरीच आहे.

सी-११०४: गोणपाट नको. ओल धरतं, सुटलेल्या धाग्यात नखं-बोटं अडकतात. नुसती रद्दीही नको, गुळगुळीत असते. पिल्लांचे मागचे पाय फाकतात आणि तिसऱ्या आठवड्यात उभं राहायची वेळ आली की ती बेडकासारखी पोटावर सरकत राहतात. रद्दी चादरीखाली घाला, ओल शोषायला.

बी-३०१ काकू: अगं बाळंतीण आहे ती. दूध-पोळी पाठवते. डिंकाचे लाडू केलेत, ते चालतील का? आणि घरात कॅल्शियमचं सिरप पडलंय.

ए-७०२ डॉक्टर: काकू, लाडू आपल्या नातवंडांना द्या, बेदाणे असतील तर कुत्र्याला विषारी. दूध-पोळीने पोट भरतं, पण पान्ह्याला प्रथिनं लागतात. भात आणि उकडलेलं चिकन (शिजवलेली हाडं काढून), अंडं, थोडं दही. दिवसातून तीन-चार वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वात जास्त असतं, तेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल. पाण्याचं भांडं जड आणि पेटीच्या बाहेर ठेवा, पिल्लू पडून बुडतं.

कॅल्शियम आपल्या मनाने नको. गाभण असताना जास्त कॅल्शियम मिळालं तर हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध वाढलं की रक्तातलं कॅल्शियम अचानक घसरतं. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ती विनाकारण धापा टाकताना, थरथरताना, ताठ पायांनी चालताना दिसली तर ते हेच. तासाभरात शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. सिरपने भागत नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बी-३०१ काकू: बरं बाई. चिकन आमच्याकडे शिजत नाही. अंडी आणून देते, कोणीतरी उकडा.

बी-५०३: ती लाल-तपकिरी घाण सांडते आहे. फिनाईल टाकायला सांगितलंय.

ए-७०२ डॉक्टर: थांबवा! फिनाईल पिल्लांच्या कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं. वार पडल्यानंतर तो स्राव तीन आठवड्यांपर्यंत येऊ शकतो, सुरुवातीला हिरवट-काळा, मग लालसर-तपकिरी. दुर्गंधी आली, पू दिसला किंवा तिने खाणं सोडलं तरच कळवा. जागा गरम पाण्याने पुसा, चादर रोज बदला. बास.

बी-९०३: अर्जंट. एक पिल्लू ढिगाबाहेर पडलंय, पांढऱ्या शेपटीचं. आई त्याला बाजूला सारतेय. हाताला गार लागतंय. मी दूध कोमट करून आणतोय.

ए-७०२ डॉक्टर: दूध नाही. आधी ऊब. गार पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच पडून राहतं, फुगतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडात घाल. आतून गार आहे का?

बी-९०३: हो. आणि चोखत नाहीये.

ए-७०२ डॉक्टर: शर्टाच्या आत छातीशी धर. खाली ये, ए विंगच्या लॉबीत. साध्या बाटलीत गिझरचं गरम पाणी, बाटलीवर जाड मोजा, पिल्लाच्या एका बाजूला. एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. हेअर ड्रायर नको, गरम पाण्यात बुडवणं नको. वरून पटकन तापवलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतलं रक्त बाहेर धावतं आणि पिल्लू कोलमडतं. एक ते तीन तास घेऊन हळूहळू. दर पंधरा-वीस मिनिटांनी कूस बदल.

तोवर ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळ. थेंबच. तोंडात ओतायचं नाही.

सी-११०४: मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन येते. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम अर्धा सेंटिमीटर. नवजात पिल्लाचं तापमान आपल्यापेक्षा कमीच असतं, पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ फॅरेनहाइट. यातले बरेच थर्मामीटर ९० च्या खाली आकडा न दाखवता ‘एल-ओ’ दाखवतात. त्याला बिघाड समजू नका, पिल्लू तितकं गार आहे.

ए-७०२ डॉक्टर: ९५ च्या वर आलं आणि बोट चोखायला लागलं की पहिली पसंती आईलाच. मागच्या सडांना दूध जास्त असतं, तिथे लाव, हाताने धर, दणकट भावंडांना दहा मिनिटं बाजूला कर. पहिल्या २४ तासांतला चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. रोगप्रतिकारशक्ती त्यातून येते आणि एका दिवसानंतर आतडं ती आत घेणं बंद करतं. आणि तोंड उघडून टाळू बघ. टाळूला चीर असेल तर दूध नाकातून येतं, अशा वेळी आई कधी कधी स्वतःच पिल्लू बाजूला सारते.

बी-९०३: टाळू ठीक आहे. आई चाटतेय आता, पण पितंय फार कमी. वरचं दूध द्यावं लागलं तर? गाईचं की म्हशीचं?

ए-७०२ डॉक्टर: दोन्ही नाही. कुत्रीच्या दुधात साधारण ९ टक्के फॅट, ७-८ टक्के प्रथिनं आणि लॅक्टोज ३-३.५ टक्के. गाईच्या दुधात प्रथिनं तीनच्या आसपास आणि लॅक्टोज पावणेपाच. म्हणजे पोषण कमी आणि जुलाब जास्त. पाणी घालून पातळ केलं तर आणखी वाईट. शेळीच्या दुधाचं कौतुक खूप होतं, पण लॅक्टोज त्यातही गाईच्या जवळपासच. पेट शॉपमधून पिल्लांची मिल्क रिप्लेसर पावडर आणा, डब्यावरच्या मापानेच कालवा. दुकान उघडेपर्यंत एका रात्रीची सोय: २०० मिली फुल क्रीम दूध, दोन अंड्यांचा फक्त पिवळा बलक, एक छोटा चमचा तेल, नीट फेटून गाळून. फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांनी उरलेलं टाका.

सी-११०४: प्रमाण लिहून ठेवा, इथेच सगळे चुकतात. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात दिवसाला ४५ ते ६० मिली, आठ वेळांत विभागून. म्हणजे एका वेळी सहा ते आठ मिली, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनाला चार मिलीच्या आसपासच मावतं, त्यामुळे रडतंय म्हणून वीस मिली पाजू नका. दूध मनगटावर टाकल्यावर ना गार ना गरम लागलं पाहिजे.

पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आईला लुचताना असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. बाटली उलटी धरली की थेंब थेंब यावा, धार लागली तर निपलचं भोक मोठं झालंय. सिरिंजने देत असाल तर दट्ट्या दाबून ढकलू नका, पिल्लू चोखेल तेवढंच येऊ द्या. नाकातून दूध आलं तर लगेच थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. न्यूमोनिया दुसऱ्या दिवशी कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

बी-९०३: शी-सू?

सी-११०४: आई चाटते तेव्हाच होते, तीन आठवडे तरी. आईजवळ असलेल्यांचं तीच बघते. हे पिल्लू तुझ्याकडे असताना दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली हलकेच पुस. सू फिकट पिवळी हवी, गडद झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट. पांढरट, दह्यासारखी किंवा हिरवी झाली तर बहुतेक दूध जास्त होतंय. प्रमाण कमी कर आणि डॉक्टरांना फोटो टाक.

बी-३०१ काकू: ते झोपेत झटके देतंय! फिट आली का?

ए-७०२ डॉक्टर: नाही काकू, निरोगी पिल्लू झोपेत असंच फडफडतं. अगदी निपचित पडलं तर काळजी करायची. लांबून बघूनही कळतं: सगळी एकमेकांवर घट्ट चढलेली म्हणजे गारठलीत, तोंड उघडं ठेवून लांब लांब पसरलेली म्हणजे उकडतंय. पंधरा-वीस मिनिटं सलग कुंई कुंई चालू राहिलं तर कोणीतरी भुकेलं, गारठलेलं किंवा आजारी आहे. पहिल्या आठवड्यात जागा २९ ते ३२ सेल्सियस हवी आणि इथे डोंगराकडून पहाटे चांगलाच गारठा उतरतो. पेटीवर जुनी घोंगडी टाका, पुढून उघडी.

सेक्रेटरी (ए-१०२): बल्ब लावून द्यावा का? इलेक्ट्रिशियन इथेच आहे.

ए-७०२ डॉक्टर: पंप रूमची ओल, कुत्रीचे दात आणि लोंबती वायर? नको. बाटल्या पुरतात, दर दोन-तीन तासांनी बदला. गार झालेली बाटली उलट ऊब ओढून घेते, ती तिथे ठेवू नका.

सी-११०४: किचनचा डिजिटल वजनकाटा कोणाकडे आहे? रोज एकाच वेळी वजन. पहिल्या दिवशी थोडं घटतं, त्यानंतर रोज ५ ते १० टक्के वाढायला हवं, आठ-दहा दिवसांत दुप्पट. वजन दोन दिवस जागचं हललं नाही तर पिल्लू कितीही गोड दिसत असो, काहीतरी बिघडलंय. ओळखीसाठी गळ्यात लोकर-दोरे बांधू नका, अंग भरभर वाढतं आणि दोरा रुततो. ठिपके-शेपट्यांवरून नावं ठेवा.

ई-२०२: पिसवा आहेत. टिक पावडर टाकू? आंघोळ?

ए-७०२ डॉक्टर: दोन्ही नाही. बारीक दातांच्या फणीने काढा, साबणाच्या पाण्यात बुडवा, चादर कढत पाण्यात धुवा. पिसवा फार असतील तर हिरड्या बघा. फिकट पांढऱ्या असतील तर रक्त कमी झालंय, लगेच दाखवायला आणा.

*(तिसरा आठवडा)*

ए-७०२ डॉक्टर: पांढरी शेपूट ६४० ग्रॅम. छान. आता जंतांचं औषध. गोल जंत गर्भातच आईकडून पिल्लांत येतात, हूकवर्म दुधातून. पायरँटेल दोन, चार, सहा आणि आठ आठवडे पूर्ण झाले की, वजनावर मोजून, आईलाही त्याच वेळी. घरातली माणसांची गोळी तोडून देऊ नका. शी रोज उचला: गोल जंतांची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि हा जंत मुलांनाही होतो. मुलांच्या सँडपिटवर ताडपत्री टाका.

बी-५०३: हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

ए-७०२ डॉक्टर: तुमची काळजी रास्त आहे. मुलांना तिकडे पाठवू नका, बॉल वॉचमन देईल. चावा किंवा ओरखडा, पिल्लाचा असला तरी: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू.

बी-३०१ काकू: पार्ले-जी दुधात भिजवून देऊ का आता? दात येतायत.

सी-११०४: नको ना काकू, मैदा आणि साखर. चौथ्या आठवड्यापासून मऊ भात, चिकन किंवा अंडं मिक्सरला लावून पेजेइतकं पातळ, पसरट थाळीत. पपी फूड भिजवून दिलं तर सर्वात सोपं. तोंड थाळीत दाबू नका, नाकात जातं. बोटाला लावून चाटवा, मग ती आपोआप थाळीत पाय घालून उभी राहतात. उरलेलं आई संपवते.

ई-२०२: दोन पिल्लं घ्यायला माझ्या बहिणीची घरची मंडळी तयार आहेत. या रविवारी?

ए-७०२ डॉक्टर: आठ आठवडे झाल्याशिवाय नाही. चावण्याची मर्यादा पिल्लू भावंडांशी खेळून शिकतं. लवकर उचललेली पुढे हात फोडतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, कारण आईच्या प्रतिपिंडांमुळे आधीचा डोस वाया जाऊ शकतो. रेबीज तीन महिन्यांना. तोपर्यंत दुसऱ्या सेक्टरच्या पिल्लांना हात लावून आलेल्यांनी चपला बदलून या. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या करणारा जीवघेणा विषाणू, चपलेच्या तळव्यातून येतो, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. घरगुती ब्लीच एकास तीस पाणी, दहा मिनिटं, पिल्लं बाजूला ठेवून. मग धुऊन पूर्ण वाळवा.

रात्री-अपरात्री गंभीर केस झाली तर आधी मला फोन. भरती करायची वेळ आली तर परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण सायन-पनवेल हायवेचं ट्रॅफिक धरून निघा आणि वाटेत बाटलीची ऊब चालू ठेवा.

सेक्रेटरी (ए-१०२): आणि आईचं काय? पुढच्या वर्षी पुन्हा हेच नको. नवी मुंबई महापालिकेला पत्र टाकतो.

सी-११०४: सर, खारघर पनवेल महापालिकेत येतं. पत्र तिकडे. २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून तिला याच जागी सोडायचं असतं, दुसरीकडे नेऊन टाकता येत नाही. पिल्लं सुटून दूध पूर्ण आटलं की मगच, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी. सड भरलेले असताना ऑपरेशन अवघड जातं. गाडी येईल तेव्हा तिचा दोन्ही बाजूंनी फोटो, पंप रूमचा पूर्ण पत्ता आणि वॉचमनचा नंबर लिहून द्या. परत आणल्यावर कानाची खाच, म्हणजे नसबंदीची खूण, बघूनच सही करा.