गरोदरपणात घरी बीपी मोजायला मशीन सुचवा (बजेट १५००, नाशिक)

सिडको_त्रिमूर्ती: बायकोला २२वा आठवडा चालू आहे, पहिली खेप. मागच्या दोन तपासण्यांत बीपी १३४/८६ आणि १३६/८८. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहा. दंडाचा घेर ३४ सेंमी. मनगटावरचं स्वस्त मिळतंय, घेऊ का?

गोदाकाठ: मनगटावरचं अजिबात नको. हात हृदयाच्या पातळीखाली १० सेंमी राहिला तरी आकडा ७-८ ने वाढतो. शिवाय ३४ च्या दंडाला नेहमीचा २२-३२ चा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) अपुरा. आखूड कफ बीपी वाढवून दाखवतो. गोळे कॉलनीच्या औषधबाजारात २२-४२ चा कफ असलेलं मागा. हजारभर जास्त गेले तर जाऊ द्या.

पंचवटी_परिचारिका: कफइतकंच महत्त्वाचं म्हणजे मशीन गरोदर बायकांवर तपासलेलं हवं. प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होणारा आजार) बरीच मशीनं बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतात. तपासलेल्या बीपी मशीनांची यादी देणाऱ्या 'स्ट्राइड बीपी'च्या साइटवर गरोदरपणासाठी वेगळी यादी आहे, त्यात मॉडेल नंबर जुळवा.
मोजताना: चहानंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडी घालून नको. कफ बाहीवर नाही, उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या २ सेंमी वर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

इंदिरानगर_७: दंडावरचंच घ्या. आणि ॲस्पिरिन सुरू करा, त्याने प्रीएक्लॅम्पसिया टळतो.

गोदाकाठ: परस्पर सुरू करू नका! २०१७ च्या 'ॲस्प्रे' अभ्यासात जास्त धोका असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांत रोज रात्री १५० मिग्रॅ सुरू केली आणि ३६व्या आठवड्यापर्यंत दिली. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. सुरुवात १६ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. २२व्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको.

सातपूर_एमआयडीसी: मीठ बंद करा.

पंचवटी_परिचारिका: मीठ तोडून प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. कॅल्शियम मात्र चुकवू नका. सरकारी कार्यक्रमात ५०० मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा असते. लोहाची गोळी आणि ही, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही.

इंदिरानगर_७: रोज दीड ग्रॅम लागतं ना?

गोदाकाठ: २०२४ मध्ये बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० बायकांवरचा अभ्यास आला. प्रीएक्लॅम्पसियापुरतं ५०० मिग्रॅ दीड ग्रॅमपेक्षा उणं पडलं नाही. भारतात ५०० मिग्रॅवाल्यांत ३.० टक्के, दीड ग्रॅमवाल्यांत ३.६.

सिडको_त्रिमूर्ती: घरी मोजल्याने वाढलेलं बीपी लवकर सापडतं, असं सिद्ध झालंय का?

गोदाकाठ: इंग्लंडच्या २०२२ च्या 'बम्प' अभ्यासात तरी घरी मोजणाऱ्या गटात ते लवकर सापडलं नाही. पण बीपी घरच्या घरी कळतं, हे थोडं नाही. मशीन घ्याच.

सिडको_त्रिमूर्ती: ठरलं, मशीन घेत नाही. यादीतलं आणि मोठ्या कफचं १५०० मध्ये बसत नाही, आणि चुकीचा आकडा घेऊन काय करणार? सोमवारी-गुरुवारी डॉक्टरांच्याच दवाखान्यात मोजून घेऊ, सिस्टरना मोठा कफ लावायला सांगू.

पंचवटी_परिचारिका: चालेल, पण मधल्या दिवसांत लक्ष ठेवा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज: यातलं काहीही झालं तर गुरुवारची वाट पाहू नका. १६०/११० भरलं तर १५ मिनिटांत पुन्हा मोजून लगेच भरती करा. रात्री दवाखाना बंद असेल तर थेट त्र्यंबक रोडचं सिव्हिल, वही सोबत घ्या.