प्रतिसाद: कूर्चा रबरासारखी नाही, कापडासारखी आहे

वर एकांनी विचारलंय, 'कूर्चा म्हणजे रबरच ना, कुठूनही ओढा, सारखंच?' नाही हो. (कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते गुळगुळीत आवरण.) मी सोलापूरच्या पूर्व भागातला, मागाच्या खडखडाटात वाढलेला. चादर उभी किंवा आडवी ओढली तर हलत नाही, तिरकी ओढली की लगेच सैलावते. कूर्चेतही धागे आहेत, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. वरच्या थरात ते पृष्ठभागाला समांतर, मधल्या थरात तिरपे-विस्कटलेले, तळाशी हाडाच्या दिशेने उभे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफने 1925 मध्ये त्यांची कमानींसारखी रचना मांडली.

खात्री करायचीय? मी बोकडाचा गुडघा आणून जाड गोल सुई शाईत बुडवून टोचली. (बायको अजून बोलतेय.) भोक गोल पडत नाही, बारीक चीर पडते, आणि शेजारशेजारच्या चिरा साधारण एकाच दिशेला, म्हणजे वरच्या धाग्यांच्या दिशेला! त्या दिशेने कूर्चा ओढली तर जास्त ताठ, आडवी ओढली तर कमी.

दाबाचं गणित मात्र निराळं. तिथे भार धागे नाही, तर मुख्यतः पाणी आणि ते धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू पेलतात. पाणीच 70-80 टक्के. म्हणून ताणात ती दाबापेक्षा कितीतरी ताठ. 'कूर्चेचा ताठपणा किती' असा एकच आकडा मागणाऱ्याला आधी विचारा: कुठल्या थरात, कुठल्या दिशेने, ओढून की दाबून?