मॅरिलियनचा ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ : ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम प्रॉग अल्बम?

मध्यलय (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या ‘प्रॉग’चा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : चांगलं होतं ते सत्तरच्या दशकात होऊन गेलं. असं म्हणायला कारणंही आहेत. १९८२ साली एशियाचा पहिला अल्बम आला, १९८३ साली येसने ‘९०१२५’ काढला, जेनेसिस छोट्या, रेडिओला चालणाऱ्या गाण्यांकडे वळला. मोठमोठ्या बँड सुटसुटीत होत होत्या. आणि नेमक्या त्याच काळात, जून १९८५ मध्ये, मॅरिलियन या ब्रिटिश बँडने सुमारे ४१ मिनिटांचा असा अल्बम आणला की ज्यात रेकॉर्डची प्रत्येक बाजू सलग वाजते. गाण्यांची नावं आहेत, पण मध्ये थांबा नाही. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

माझ्या मते तो त्या दशकातला सर्वोत्तम प्रॉग अल्बम आहे, आणि आपण बहुतेकांनी तो नीट ऐकलेला नाही, कारण आपण ‘केयली’ ऐकून थांबतो. ‘केयली’ ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. चाल सुंदर आहे, स्टीव्ह रॉदरीच्या गिटारची सुरावट एकदा ऐकली की विसरत नाही. पण ते गाणं म्हणजे मोडलेल्या नात्याबद्दल मागितलेली माफी आहे, आणि अल्बममध्ये ती माफी संपते न संपते तोच पियानोवर ‘लॅव्हेंडर’ सुरू होतं. त्याला आधार आहे एका जुन्या इंग्रजी बालगीताचा. म्हणजे मोठेपणी प्रेमाचं काय करून ठेवलं हे सांगून झाल्याबरोबर, लहानपणी प्रेम म्हणजे काय वाटायचं ते समोर येतं. पुढे ‘बिटर स्वीट’मध्ये अल्बमभर ज्याची गोष्ट चालते तो नायक लियाँ शहरात एका वेश्येबरोबर रात्र काढतो, आणि तिथे पुन्हा वाजते ती ‘लॅव्हेंडर’चीच चाल! तीच सुरावट, पण आता तिच्याखाली सगळं उद्ध्वस्त झालेलं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी रेकॉर्डची सुई मागे नेऊन पुन्हा ऐकलं होतं.

‘लॅव्हेंडर’ अल्बमवर जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. सिंगल काढताना ते वाढवावं लागलं. ही गाणी एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, सुटी काढली की त्यांना टेकू द्यावा लागतो.

तुमचं मत काय? विरोधी मतांचं मनापासून स्वागत.

जुना_श्रोता

मध्यलय, लिहिलंय प्रेमाने, पण ‘सर्वोत्तम’ला माझा ठाम विरोध आहे.

ज्याने जेनेसिसचे १९७५ पूर्वीचे, म्हणजे पीटर गेब्रियल गायक होता तेव्हाचे अल्बम ऐकलेत, त्याला मॅरिलियनमध्ये नवीन काय सापडणार? त्यांचा गायक फिश, त्याच्या आवाजाची ठेवण, रंगवलेला चेहरा, रंगमंचावरचा अभिनय. त्यांचं सुरुवातीचं ‘ग्रेंडेल’ हे सतरा मिनिटांचं गाणं घ्या आणि जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ शेजारी ठेवा. शेवटचा भाग तर सरळ तिथून उचलल्यासारखा वाटतो. ढोलकी वाजवणारा इयन मोझ्ली आला तोही जेनेसिसचा जुना गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याच्या बँडमधून. (ढोलकी म्हणजे ड्रम्स हो, आमच्या घरी सगळ्याच तालवाद्यांना ढोलकी म्हणतात.)

‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाला काही अर्थ ठेवायचा असेल तर पुढे जायला हवं. ऐंशीच्या दशकात पुढे कोण गेलं? किंग क्रिमसन. १९८१ सालचा ‘डिसिप्लिन’. सात वर्षं बंद असलेली बँड रॉबर्ट फ्रिपने पुन्हा उभी केली आणि मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्ड वाद्याच्या लाटा पूर्ण टाकून दिल्या. एड्रियन बिल्यूची दुसरी गिटार, टोनी लेव्हिनच्या हातात चॅपमन स्टिक हे तंतुवाद्य, बिल ब्रुफर्डचे ड्रम्स. त्या आधी असा आवाज कोणत्याही रॉक बँडचा नव्हता. मॅरिलियन मात्र दहा वर्षांपूर्वीच्या वाड्यात राहायला गेले.

तिहाई

‘डिसिप्लिन’चं नाव आलं म्हणून राहवलं नाही. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘फ्रेम बाय फ्रेम’ ऐकावं. दोन गिटार एकच आकृती वाजवत निघतात. मग एक जण सातच्या (दोनदा सात, म्हणजे चौदाच्या) हिशेबात राहतो आणि दुसरा एक स्वर गाळून तेराच्या. त्यामुळे दोघं आवर्तनागणिक एकेक स्वराने सरकत जातात, मधल्या काळात ऐकणाऱ्याला वाटतं की आता सगळं विस्कटलं, आणि मग हिशेब पुरा होऊन ते पुन्हा समेवर भेटतात. फ्रिपने इंडोनेशियातल्या गमेलान या वाद्यवृंदातून घेतलेला हा विचार आहे, एकमेकांत गुंफलेल्या आकृत्यांचा. हात जोडावे अशी गोष्ट आहे.

त्या मानाने ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’मध्ये लयीचं काम साधं आहे. ‘लॉर्ड्स ऑफ द बॅकस्टेज’ सातात आहे, पण ते सात पटकन येऊन निघून जातं. आपल्याकडे रूपकात सात मात्रा असतात आणि सम ‘खाली’च्या जागेवर पडते, त्यामुळे त्या तालाला कायम एक तोल गेल्याची जाणीव असते. इथे मोझ्ली सात सरळ रेटून नेतो.

पण म्हणून जुना_श्रोता यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. लयीचा अवघडपणा हीच प्रगती असं मानलं तर ख्याल गाणाऱ्याने विलंबित एकताल सोडूनच द्यावा.

जुना_श्रोता

तिहाई, अवघड ताल म्हणजे प्रगती असं मी म्हटलेलं नाही. मी म्हणतोय स्वतःचा आवाज. ‘डिसिप्लिन’चे चार सेकंद ऐकले तरी बँड ओळखू येते. मॅरिलियनचे चार सेकंद ऐकून लोक जेनेसिस म्हणतात.

मध्यलय

‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ (१९८३) पुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण १९८५ सालचे चार सेकंद घ्या, उदाहरणार्थ ‘केयली’मधला रॉदरीचा सोलो. हॅकेटच्या गिटारपेक्षा तो फार वेगळा आहे. हॅकेट धुक्यातून येतो, रॉदरी गातो. लांब ओढलेले स्वर, प्रत्येक स्वराला शेवटपर्यंत धरून ठेवणं.

आणि गेब्रियल आपली माणसं पात्रांच्या आड ठेवायचा. फिशने इथे पात्र काढून टाकलं. मार्क विल्किन्सनने काढलेलं मुखपृष्ठ पाहा. पहिल्या दोन्ही अल्बमवर असलेला विदूषक इथे मलपृष्ठावर खिडकीतून निघून चाललेला आहे आणि पुढे उभा आहे सैनिकी गणवेशातला एक लहान मुलगा. बँडने मुखवटा उतरवल्याची ही जाहीर खूण आहे.

ध्वनिमुद्रणही पाहा. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. निर्माता ख्रिस किम्सी, जो रोलिंग स्टोन्सबरोबर काम केलेला माणूस. प्रॉगच्या बिरादरीतला नव्हेच. म्हणून हा अल्बम सत्तरच्या दशकासारखा धुकट नाही, कोरडा आणि जवळचा वाटतो. गायक कानाशी बोलतो.

एडिनबरोकर

मी नोकरीनिमित्त एडिनबराला राहतो, तेव्हा ‘हार्ट ऑफ लोथियन’बद्दल दोन शब्द.

रॉयल माइलवर सेंट जाइल्सच्या चर्चबाहेर फरसबंदीत दगडांनी केलेलं एक हृदय आहे, हार्ट ऑफ मिडलोथियन. पूर्वी तिथे टोलबूथ नावाचा तुरुंग होता. इथले लोक जाता जाता त्या हृदयावर थुंकतात. नवीन माणसाला धक्का बसतो, पण इथे ते शुभ मानतात. फिश जवळच्याच डॅल्कीथचा. त्या गाण्यात शनिवारी रात्री शहरात उंडारणारी पोरं आहेत, आणि आपणही त्यांच्यातलेच एक आहोत असं तो छाती फुगवून सांगतो.

हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी येतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या आधी सोळा-सतरा मिनिटं हा माणूस परक्या शहरांत, हॉटेलांत, अनोळखी बिछान्यांत भटकलेला असतो. मग एकदम गाव. लांब राहणाऱ्या माणसाला ते ऐकताना काय होतं हे मी शब्दांत मांडू शकत नाही. जेनेसिसमध्ये मला हे कधी मिळालं नाही. ती बँड सुरू करणारी मंडळी मोठ्या खाजगी शाळेतली होती, त्यांचं इंग्लंड बागेतलं. हे स्कॉटलंड रस्त्यावरचं आहे.

वायवायझेड

रश या कॅनेडियन बँडचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) अजून कोणी का घेतला नाही? ‘वायवायझेड’ची सुरुवातच टोरोंटो विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांच्या मोर्स लयीतून होते. ‘टॉम सॉयर’ रेडिओवर वाजतं आणि त्याच्या पोटात सातातला तुकडा आहे. शिवाय ‘द कॅमेरा आय’ अकरा मिनिटांचं. लोकप्रियता आणि प्रॉग दोन्ही पाहिजे असेल तर तो अल्बम मॅरिलियनच्या चार वर्षं आधीच होऊन गेला.

मध्यलय

‘मूव्हिंग पिक्चर्स’ माझाही जीव की प्राण. पण ती सात उत्तम गाणी आहेत. मी बोलतोय एका गोष्टीबद्दल.

रातकिडा

मी मॅरिलियनचाच भक्त आहे आणि तरीही माझा विरोध. जेनेसिसचा मुद्दा मला गौण वाटतो. माझी अडचण शेवटाशी आहे.

तीस मिनिटं नायक कोसळत जातो. दारू, अमली पदार्थ, दौरे, अपराधीपणा. आणि मग ‘चाइल्डहुड्स एंड?’मध्ये त्याला आरशात स्वतःतलं मूल दिसतं, ते कुठे गेलंच नव्हतं असं उमगतं, आणि लगेच ‘व्हाइट फेदर’मध्ये सगळे हात वर करून गातायत. इतक्या लवकर माणूस बरा होतो? मला हे पटलेलं नाही. ज्याने जवळच्या माणसाला व्यसनातून जाताना पाहिलंय त्याला तर अजिबात पटणार नाही.

खरा अल्बम आहे दोन वर्षांनंतरचा ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’. टॉर्च नावाचा माणूस, एकोणतिशीतला, बेकार, गाणारा, एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये. तिथे कुठलंही मूल आरशातून येत नाही. ‘शुगर माइस’ ऐका. घरापासून दूर हॉटेलच्या खोलीत बसलेला बाप, आणि दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आपलाच, हे कळलेलं. त्यानंतर १९८८ मध्ये फिश बँड सोडून गेला. त्या अल्बममध्ये सुटका नव्हती आणि प्रत्यक्षातही झाली नाही.

मध्यलय

रातकिडा, या धाग्यातला सगळ्यात खरा आक्षेप तुमचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही ‘ब्लाइंड कर्व्ह’वरून उडी मारून थेट ‘चाइल्डहुड्स एंड?’वर गेलात. त्या गाण्यात काय आहे? ‘मायलो’ हा तुकडा. रेज बँडचा ड्रमर जॉन मायलेट १९८४ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, त्याच्यावरचा. बातमी कळते आणि नायकाला मात्र मुलाखती देत राहावं लागतं, हसत राहावं लागतं. मग ‘पेरिमीटर वॉक’, तो जवळजवळ किंचाळण्यापर्यंत जाणारा भाग. आणि त्यानंतर ‘थ्रेशोल्ड’. तिथे पहिल्यांदा नायक स्वतःवरून नजर उचलतो. धुलाईच्या दुकानात नवऱ्याच्या कपड्यांतून आठवणी धुऊन काढणारी युद्धविधवा त्याला दिसते. रस्त्यावरून जाणारे लष्करी ताफे दिसतात. मुलं दिसतात, ज्यांच्या डोळ्यांत काही उरलेलं नाही.

तोवर अल्बमभर ‘माझं बालपण हरवलं’ चाललेलं होतं. इथे त्याला कळतं की ज्यांचं बालपण खरोखर हिरावून घेतलंय ती मुलं ही. आरशातलं मूल त्यानंतर येतं, त्या आधी नाही. म्हणून मला तो शेवट फुकटचा वाटत नाही. आणि तो बरा झाला असं अल्बम म्हणतच नाही, त्याला फक्त पुढचं पाऊल दिसलं. ‘व्हाइट फेदर’ही स्वतःबद्दल नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लढायला न जाणाऱ्या पुरुषांच्या हातात बायका पांढरं पीस द्यायच्या, भित्रेपणाची खूण म्हणून. फिश तेच पीस झेंडा म्हणून उचलतो. १९८५ साली, बर्लिनच्या भिंतीशेजारी बसून.

रातकिडा

‘थ्रेशोल्ड’बद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो तुकडा अल्बममधला सर्वांत ताकदीचा आहे. पण माझा आक्षेप शब्दांइतकाच संगीतावरही आहे. शब्द सांगतात की पुढचं पाऊल दिसलं, संगीत मात्र मुक्कामाला पोचल्याचा जल्लोष करतं. ‘चाइल्डहुड्स एंड?’ला मार्क केलीचे कीबोर्ड एकदम उजळतात, गिटार नाचायला लागते. पाऊल टाकण्यातली भीती त्या सुरांत कुठे आहे? ‘क्लचिंग’मध्ये शब्द आणि सूर एकाच बाजूला उभे आहेत.

तिहाई

इथे मी रातकिडा यांच्या बाजूने. द्रुतात जायचं तर आधी मध्यलय लागते. तो उजेड फार पटकन येतो.

एडिनबरोकर

मला उलट तो पटकन येतो म्हणूनच खरा वाटतो. इथल्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेलं असतं आणि एखाद्या सकाळी काही न सांगता ऊन पडतं. त्या दिवशी माणसं रस्त्यावर येतात, उद्या पुन्हा पाऊस आहे हे माहीत असूनही.

नवखी_श्रोती

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही, पण सगळं वाचून आज रात्री ऐकायचं ठरवलंय. कुठली आवृत्ती ऐकू? आणि आधी गाण्यांचे शब्द वाचू की नको?

मध्यलय

ताई, पहिल्यांदा मूळ १९८५ चं मिश्रणच (मिक्स) ऐका. २०१७ च्या आवृत्तीत स्टीव्हन विल्सनने केलेलं नवं मिश्रण आहे, त्यात वाद्यं जास्त सुटी ऐकू येतात, ते दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. फोनवर ऐकणार असाल तर दोन गाण्यांच्या मध्ये शांतता येत नाही ना एवढं तपासा, काही ॲप सेकंदभर थांबतात आणि ‘केयली’तून ‘लॅव्हेंडर’मध्ये जाणारा सांधा तुटतो. पहिली बाजू ‘हार्ट ऑफ लोथियन’ला संपते, तिथे उठून पाणी प्यायला हरकत नाही. शब्द पहिल्या वेळी वाचू नका, ‘थ्रेशोल्ड’पासून पुढे मात्र जरूर समोर ठेवा.

रातकिडा

आणि ऐकून झालं की शेवट पटला की नाही ते इथे लिहा. मग ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ लावा.