स्टडी टेक: पद्धत घ्यावी, की संस्थेसकट नाकारावी?

शब्दार्थी:
अप्लाइड स्कॉलॅस्टिक्स ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९७२ पासून काम करते. मुख्यालय मिसुरीत, सेंट लुईसजवळ. सायंटॉलॉजी या धर्मपंथाचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांची 'स्टडी टेक' ही अभ्यासाची पद्धत ती जगभरच्या शाळांत नेते. हबर्ड यांच्या मते अभ्यासात अडथळे तीनच: शिकायची वस्तू डोळ्यांसमोर नसणं, मधली पायरी गाळणं आणि न कळलेला शब्द. तिसरा सगळ्यात मोठा. वाचताना डोकं रिकामं झालं, जांभया आल्या, की मागे जायचं आणि नीट कळत होतं त्या जागेच्या आसपास अडलेला शब्द हुडकायचा. शब्दकोशात आधी तिथे लागू पडणारा अर्थ बघायचा, तो पक्का बसेपर्यंत वाक्यं करायची, मग बाकीचे अर्थ, व्युत्पत्ती, वाक्प्रचार; शेवटी उतारा पुन्हा वाचायचा. यात धर्म कुठे आला?

वजाबाकी:
धर्म राहू द्या, आधी वर्गात काय होतं ते बघू. उतारा मदतीशिवाय समजायला त्यातले साधारण ९५ ते ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असं शब्दसंग्रहावरचे अभ्यास सांगतात. म्हणजे रोगाची नाडी बरोबर धरली आहे, औषध चुकलंय. मिलर आणि गिल्डिया या अभ्यासकांनी १९८७ मध्ये दाखवलं, की नुसत्या कोशावरून मुलं भलतंच उचलतात. 'इरोड'च्या व्याख्येत 'ईट आउट' म्हणजे पोखरणं असं होतं. मुलाने वाक्य केलं, 'अवर फॅमिली इरोड्स अ लॉट.' त्याला वाटलं, बाहेर जेवणं! वाक्य केलं की कळलं, हे गृहीतकच कच्चं. शिवाय सगळे अर्थ बघायचा आग्रह. गणितातल्या 'सेट'साठी, म्हणजे संचासाठी, कोश उघडला तर त्या एका शब्दाचे डझनावारी अर्थ. व्याख्येतला एखादा शब्द अडला तर आधी तो सोडवा. तास संपतो, संच तिथेच.

मातीकाम:
अर्ध्यावर टीका करताय. 'इरोड'चा घोळ तपासणारा नसल्यामुळे होतो. इथे जोडीदार प्रश्न विचारतो आणि करून दाखवायला लावतो. त्यासाठी डेमो किट असतं: बुचं, टोपणं, कागदाच्या क्लिपा, रबरबँड असलं किडुकमिडुक. ते टेबलावर सरकवत कल्पना मांडायची. अवघड असेल तर मातीत, प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून. बघणाऱ्याला न सांगता ओळखू यायला हवं. खोटी समजूत इथे उघडी पडते.

वजाबाकी:
हे चांगलंच आहे, पण वस्तू हाताळून शिकवणं हबर्ड यांच्या आधीपासून चालत आलंय. त्यांची खास भर म्हणजे लक्षणांवरून निदान: वस्तू समोर नसली की डोकं दुखतं, गरगरतं, पायरी गाळली की गोंधळ, शब्द अडला की जांभई. जांभई झोप न झाल्याने येते, चष्म्याचा नंबर वाढला की डोकं दुखतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षर आणि ध्वनी जुळवणंच जड जातं. त्याच्या हातात बारीक छपाईचा कोश देणं हा उपाय की शिक्षा? त्यात मुलगा 'हे मला पटत नाही' म्हणाला, तरी 'कुठला शब्द कळला नाही?' हाच प्रश्न. पद्धत चुकूच शकत नाही, अशी सोय आत करूनच ठेवलीय.

शब्दार्थी:
जेझुइट या कॅथलिक संघाचा शाळांसाठीचा अभ्यासक्रम १५९९ चा. त्यांच्या शाळांत शिकून कोण बाटलं?

दारवान:
जेझुइट शाळेच्या पाटीवरच धर्म लिहिलेला असतो. इथे पाटी सेक्युलर. वरची छत्रसंस्था एबल, म्हणजे असोसिएशन फॉर बेटर लिव्हिंग अँड एज्युकेशन, सायंटॉलॉजीशी जोडलेली. त्याच छत्राखालच्या नार्कोनॉनच्या अमली पदार्थविरोधी वर्गांत चुकीची माहिती सापडली, तेव्हा २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्याने ते बंद करायची शिफारस केली. जेझुइटांनी आपला अभ्यासक्रम वेळोवेळी बदलला. हबर्ड यांचं १९६५ चं धोरणपत्र मात्र त्यांचं 'टेक' जसंच्या तसं राबवा, फेरफार नको, असं बजावतं. चुकीची दुरुस्तीच करता येत नसेल, तर शिक्षणशास्त्र कसलं?

मातीकाम:
मग संस्थेचा परवाना घेऊ नका. बुचं आणि माती कुणाच्या मालकीची नाही. प्रत्येक शब्दाऐवजी धड्यातले सात-आठ कळीचे शब्द आधी शिक्षकाने उदाहरणांसह सांगावेत, आठवड्याने न सांगता चाचणी घ्यावी.

शब्दार्थी:
म्हणजे पद्धत वापरणार, फक्त नाव पुसून. श्रेय द्यायला काय हरकत आहे?

वजाबाकी:
कशाचं? मातीकाम सांगतात त्यात ना जांभईचं निदान आहे, ना सगळे अर्थ पालथे घालणं. हबर्ड यांचं उरलंय काय त्यात?